देश चार बघितले, पण…

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांची आहे, बाबांच्या बदल्यांमुळे चार देशांत वाढले. 'तू नक्की कुठली?' असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. आता मानववंशशास्त्र शिकून मानवी हक्कांचं काम करायचंय. पण एकीकडे म्हणतात दुसऱ्याची संस्कृती आपल्या फूटपट्टीने मोजू नका आणि दुसरीकडे म्हणतात हक्क सगळ्यांना सारखेच. हे दोन्ही एकत्र जमतं का? आणि इतके देश बघितल्याचा फायदा होईल ना?

उत्तर: अगं, या गोंधळात तू एकटी नाहीयेस, अख्खं मानववंशशास्त्रच, म्हणजे माणसाचा, त्याच्या समाजाचा नि संस्कृतीचा अभ्यास करणारं शास्त्र, त्यात अडकलं होतं. १९४७ साली युनोत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा चालू होता तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने निवेदन पाठवलं, मेल्व्हिल हर्सकोविट्स यांनी लिहिलेलं, की हा जाहीरनामा फक्त पश्चिमेकडच्या मूल्यांचा होणार असेल तर तो सगळ्या माणसांना लागू कसा करणार? जगाचा मोठा भाग तेव्हा वसाहतींत होता त्यामुळे शंका काही उगाच नव्हती. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला, ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. आणि त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने स्वतःचा जाहीरनामा काढला. म्हणजे ५२ वर्षं गेली, आणि तुला उत्तर अ‍ॅडमिशनच्या आधी हवंय!

बरं, तो मसुदा नुसता पश्चिमेचा होता असंही नाही. पहिल्या कलमात आधी 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून 'सगळी माणसं' करा म्हणून आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी.

मला विचारशील तर 'आमच्यात असंच असतं' हे वाक्य बोलतंय कोण ते आधी बघायचं. बहुतेक वेळा ज्याचं त्यात भलं होतं तोच बोलत असतो, त्याच घरात गप्प बसलेल्या माणसाला विचारलं की वेगळंच काहीतरी ऐकू येतं, आणि तिथपर्यंत पोचणं हेच तर या शास्त्राचं काम. समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. आणि काम नुसतं बोलण्याचंही नसतं हं, १९८४ मध्ये हाडांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लाइड स्नो अर्जेंटिनाला गेले, तिथल्या विद्यार्थ्यांना हाडांवरून ओळख पटवायला शिकवलं, लष्करी राजवटीत गायब केलेल्या माणसांचा शोध त्यातून लागायला लागला, पुढे कोर्टात साक्षही झाली.

आता फायद्याचं. नव्या जागी गेल्यावर लोक कसे वागतात ते गुपचूप बघून घ्यायची सवय तुला लागली असणार, ती कामाची आहे. पण देश बघितले म्हणजे माणसं कळली असं नसतं. दर थोड्या वर्षांनी बदली झाली, म्हणजे कंटाळा यायच्या आतच तू निघालीस, आणि फील्डवर्क, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यातच जाऊन राहणं, हे कंटाळा आल्यावरही तिथेच बसून राहण्याचं काम. मालिनोव्हस्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून राहिले, तिथली भाषा शिकले, दुभाष्यावर विसंबले नाहीत.

चारपैकी एका तरी देशातली भाषा तुला नीट भांडता येण्याइतकी येते का? येत नसेल तर या सुट्टीत तिथूनच सुरुवात कर.