बाबांना एवढ्यात कळता कामा नये

परदेशात नोकरी करणारी मुलं-मुली ऑनलाइन समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक प्रश्न वरचेवर समोर येतो. "कंपनीत कपात आहे, माझं नाव यादीत आहे. व्हिसा नोकरीवर आहे. मुंबईला घरी कोणालाच सांगितलेलं नाही. आधी दुसरी नोकरी बघतो, मग सांगतो. चालेल ना?" माझं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. का, ते एका अनुभवातून सांगते. ज्याचा हा अनुभव आहे त्याची परवानगी घेतली आहे; नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याला निखिल म्हणू. वय ३८, रेल्वे सिग्नलिंगचा डिझाइन इंजिनिअर, इंग्लंडमध्ये लीड्सला. सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. आईवडील आयुष्यभर काळाचौकीच्या चाळीत राहिलेले. निखिलने कर्ज काढून त्यांना कांजूरमार्गला फ्लॅट घेऊन दिला. त्याचा हप्ता दर महिन्याला लीड्सहून यायचा. तिथे कायम राहण्याचा अर्ज करायला त्याच्या व्हिसावर पाच वर्षं लागत होती, ती पुरी व्हायला आठ महिने उरले होते. आणि त्याचा अख्खा विभागच बंद करायचं ठरलं.

बायकोला माहीत होतं. बाबांना नाही. निखिल रोज जेवणाच्या सुट्टीत, तिथल्या दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, घरी व्हिडिओ कॉल करायचा. कपातीची बैठक झाल्यापासून ऑफिसातून बोलणं त्याला जमेना. म्हणून तो गाडीत जाऊन बसायचा, फोन अशा बेताने धरायचा की मागे फक्त सीटची राखाडी उशी दिसावी, गळ्यातलं ओळखपत्र मात्र दिसेल असं ठेवायचा. "आज साइटवर आहे," असं सांगायचा. आई विचारायची, "डबा खाल्लास का?" तो हो म्हणायचा. डबा मागच्या सीटवर तसाच असायचा.

पहिल्या सत्रात तो सलग बोलत राहिला, आणि त्यातलं बरंचसं ६० दिवसांबद्दल होतं. बैठकीच्या तारखेपासून त्याने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडायला सुरुवात केली होती. न्यू जर्सीतल्या मावसभावाने सांगितलं होतं, "साठ दिवस असतात, मग सामान उचलायचं." मावसभावाचं चुकलं नव्हतं, पण ते अमेरिकेचं होतं. तिथे एच-१बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते आणि ती मोजणी नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालू होते. ब्रिटनमध्ये तसं नाही. नोकरी खरोखर संपल्यावर कंपनी कामाच्या दहा दिवसांत गृहखात्याला कळवते, मग गृहखात्याचं पत्र येतं आणि व्हिसाची मुदत सहसा ६० दिवसांवर आणली जाते. मुळातच कमी दिवस उरले असतील तर तेवढेच. 'तुमची जागा धोक्यात आहे' असं पत्र मिळालं म्हणून कोणताही काटा फिरायला लागत नाही. वीस किंवा अधिक लोक कमी करायचे असतील तर कंपनीला किमान ३० दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते, शंभर किंवा अधिक असतील तर ४५ दिवस. त्यानंतर नोटिशीचा काळ. तेवढे सगळे दिवस माणूस नोकरीतच असतो.

मी वकील नाही, हे मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं आणि तिथल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराची वेळ त्याच आठवड्यात घ्यायला लावली. पण हेही समुपदेशनाचंच काम आहे असं मी मानते. घाबरलेला माणूस नियम वाचत नाही, तो ग्रुपवरचे मेसेज वाचतो. चुकीच्या तारखेला घाबरून रात्रभर जागणाऱ्याला नुसतं 'खोल श्वास घ्या' म्हणून काही उपयोग नसतो. आधी खरी तारीख समजली पाहिजे.

दुसऱ्या सत्रात तो फारच थकलेला दिसला. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, मी नसतो तर विम्यातून फ्लॅटचं कर्ज तरी फिटलं असतं." असं वाक्य कानावर आलं की मी ते ओलांडून पुढे जात नाही. सरळ विचारलं, "निखिल, जीव द्यावासा वाटतो का? तसं काही ठरवलं आहे का?" तो दचकला. ठरवलं काही नव्हतं, पण विचार दोनदा येऊन गेला होता. त्याच सत्रात बायकोला आत बोलावून घेतलं आणि त्याने तिच्यासमोर हे सांगितलं. डॉक्टरची वेळ ठरली. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर तिथल्या समॅरिटन्स या हेल्पलाइनचा ११६ १२३ हा मोफत नंबर दोघांच्या फोनमध्ये टाकायला लावला. (इकडे भारतात टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे.) असं विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात नको ते भरतं ही समजूत अगदी चुकीची आहे. विचारलं की माणसाचं ओझं हलकं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मग बाबांचा विषय. "बाबांना बीपी आहे, एवढ्यात कळता कामा नये," असं तो म्हणायचा. मी विचारलं, बीपी नसतं तर सांगितलं असतंत का? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "नाही. चाळीत बाबा सगळ्यांना सांगतात, माझा मुलगा विलायतेत रेल्वे चालवतो." खरी गाठ तिथे होती. वडिलांना धक्का बसेल याची काळजी होतीच, पण त्यांच्या नजरेतून आपण उतरू ही भीती जास्त होती. शिवाय रोजचं नाटक त्याच्या दिवसातला सगळ्यात जड तास झाला होता. कॉल संपला की दुपारी एकही अर्ज भरून व्हायचा नाही. लपवण्याला मी विरोध करते तो यासाठी. खोटं बोलणं वाईट म्हणून नव्हे, तर हाताशी दिवस मोजके असतात आणि लपवालपवीत ते खर्ची पडतात म्हणून.

आम्ही सराव केला. मी बाबा झाले. पहिल्या वेळी तो "बाबा, ऐका ना," याच्या पुढे जाऊ शकला नाही. मग चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्या: पगार कोणत्या तारखेपर्यंत, हातातल्या पैशात घर किती महिने चालेल, फ्लॅटच्या हप्त्याचं काय, आणि पुढे काय करणार. 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' हे वाक्य मी खोडायला लावलं. आईबापांना असल्या वाक्याने जास्त घोर लागतो. आकडे कळले की त्यांना विचार करायला काहीतरी हाती मिळतं.

रविवारी त्याने घरच्या स्वयंपाकघरातून कॉल लावला आणि सांगून टाकलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "हिशेबाच्या कागदावर सही केलीस?"

निखिलने सही केलेली नव्हती, पण करणार होता. कंपनीने थोडे जादा पैसे देऊ करून तडजोडीचा करार पुढे केला होता आणि आठवडाभरात सही मागितली होती. "वकिलाला दाखवल्याशिवाय करायची नाही," बाबा म्हणाले. त्यांचं अगदी बरोबर होतं. स्वतंत्र सल्ला घेतल्याशिवाय असा करार तिथे बंधनकारकच होत नाही, विचार करायला किमान दहा दिवस द्यावेत असं तिथली मार्गदर्शक संहिता सांगते, आणि वकिलाच्या फीचा काही भाग बहुधा कंपनीच देते. वकिलाने आणखी एक शंका फेडली. दोन वर्षं नोकरी झालेल्याला कायद्याने मिळणारी कपातीची भरपाई मालक देतो, ती सरकारी मदत नव्हे. त्यामुळे 'सरकारी मदत घ्यायची नाही' या व्हिसाच्या अटीत ती येत नाही. निखिल त्या भीतीने भरपाई सोडायला निघाला होता!

बाबांना हे कुठून सुचलं? ते गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत होते. पंधरा दिवसांत परत कामावर जाऊ असं धरून चाललेल्या अडीच लाख कामगारांपैकी एक. संप झाला हे निखिलला माहीत होतं, पण एक गोष्ट बाबांनी त्याला त्या रविवारी पहिल्यांदा सांगितली. पगार बंद झाल्यावर दीड वर्ष त्यांनी उसनवारी करून गावी मनिऑर्डर चालू ठेवली होती, कारण आपल्या वडिलांना कळू द्यायचं नव्हतं. ते कर्ज फेडायला पुढे कितीतरी वर्षं गेली. "मी माझ्या बापाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "तू सांगितलंस, बरं केलंस. हप्त्याचं मी बघतो तीन महिने, एफडी मोडू."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. प्रत्येक घरात असं होत नाही, हेही सांगायला हवं. काही वडील चिडतात, काही आया आठवडाभर रडतात, नातेवाइकांत चर्चा होते. तरीही सांगितल्यानंतरची दुपार मोकळी असते, ती कामाला येते.

निखिलने नंतर दोन गोष्टी नीट केल्या. हप्ता चुकायच्या आधीच मुंबईच्या बँकेत फोन करून मुदत वाढवून मिळेल का ते विचारलं. आणि सरसकट अर्ज करणं थांबवून, परदेशी माणसाला नेमायचा परवाना असलेल्या कंपन्यांची ब्रिटिश सरकार जी यादी प्रसिद्ध करतं, त्यातल्याच कंपन्यांना अर्ज पाठवायला लागला. नवी नोकरी मिळाली तरी व्हिसाचा नवा अर्ज मंजूर व्हावा लागतो, त्यामुळे यादीबाहेरच्या कंपनीच्या मुलाखतीत घालवलेला वेळ वाया जातो.

हे लिहिताना त्याची एका ठिकाणी दुसरी फेरी झाली आहे. इकडे मेट्रोचं काम करणाऱ्या एका सल्लागार कंपनीशीही बोलणं चालू आहे. गृहखात्याचं पत्र अजून आलेलं नाही. पुढच्या सत्राला तो बायकोला पूर्ण वेळ सोबत आणणार आहे, कारण परत यायचं की नाही या प्रश्नात तिचीही तिथली नोकरी आहे, आणि तिला काय हवं ते अजून कोणी धडपणे विचारलेलं नाही.