जुना सोर्स कोड गिटमध्ये ठेवताना

प्रश्न : १९९० ते १९९६ या काळात आम्ही पतसंस्थांसाठी फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या प्रणालीच्या अनेक आवृत्त्या फ्लॉपींवर सापडल्या आहेत. त्यांतली शेवटची तेवढी गिटमध्ये (कोडमधले बदल क्रमाने नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवली तर पुरेल का? (सांगली)

उत्तर : प्रणाली नुसती वाचवायची असेल तर पुरेल, पण ती कशी घडत गेली हे त्यातून कळणार नाही. आधी प्रत्येक फ्लॉपीची डिस्क इमेज (बाइट-न्-बाइट प्रत) काढून, तिचा चेकसम (प्रत बदललेली नाही हे तपासण्याचा आकडा) नोंदवून ती गिटबाहेर अबाधित ठेवावी आणि मगच एकेक आवृत्ती क्रमाने कमिट करावी, म्हणजे गिटमध्ये नोंदवावी. अथेन्सचे प्राध्यापक डायोमिडिस स्पिनेलिस यांनी १९७०च्या दशकातल्या युनिक्स या संचालन प्रणालीपासून तिच्यातून निघालेल्या फ्रीबीएसडीपर्यंतचा इतिहास एकाच गिट रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) आणला, त्यातल्या सुरुवातीच्या आवृत्त्याही अशाच सुट्या प्रतींवरून रचाव्या लागल्या.

गिट प्रत्येक कमिटसोबत दोन तारखा ठेवते, एक कोड लिहिणाऱ्याची आणि एक नोंद करणाऱ्याची. पहिल्या जागी त्या आवृत्तीतल्या सर्वांत अलीकडच्या फाइलची तारीख द्यावी, दुसऱ्या जागी आजचीच राहू द्यावी. डॉस या त्या काळच्या संचालन प्रणालीच्या फाइलवर स्थानिक वेळ असते, टाइम झोन नसतो. तो +०५:३० असा आपणच द्यायचा. सगळ्या फाइलींवर १ जानेवारी १९८० दिसत असेल तर त्या संगणकाच्या घड्याळाची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता अधिक, म्हणून अशा वेळी अंदाजाने दिलेली तारीख अंदाजाची असल्याचे कमिटच्या संदेशात स्पष्ट लिहावे. (१९७० पूर्वीची तारीख गिटला मुळात चालतच नाही, त्यामुळे अपोलो ११ च्या १९६९ मधल्या कोडलाही स्वतःची खरी तारीख मिळू शकत नाही.)

त्याच फ्लॉपींवर डीबीएफ फाइली (फॉक्सप्रोच्या डेटाच्या फाइली) असतील आणि त्यांत ठेवीदारांची नावे व शिल्लक असेल. त्या पहिल्या कमिटपूर्वीच वगळाव्यात, कारण नंतर काढून टाकलेली फाइलही रेपॉझिटरीच्या इतिहासात जशीच्या तशी राहते.

प्रश्न : आमच्या कोडमधले मराठी संदेश इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीत आहेत. भारतीय लिप्या दाखवण्यासाठी संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाशिवाय ते वाचता येत नाहीत. साठवताना युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत का? (ठाणे)

उत्तर : मूळ शाखेत (गिटमधल्या बदलांच्या मुख्य मालिकेत) मुळीच बदलू नयेत. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४ मध्ये एमएस-डॉस ४.० चा कोड खुला केला, तेव्हा फाइली यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडच्या एका रूपात) रूपांतरित झालेल्या होत्या. त्यामुळे काही चिन्हे बिघडली, काही ओळी जुन्या असेंबलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) पेलणार नाहीत इतक्या लांबल्या आणि फाइलींच्या मूळ तारखाही गेल्या. इतक्या मोठ्या कंपनीकडून असे होत असेल, तर आपण जपूनच राहिलेले बरे. ओळीच्या शेवटी डॉस दोन बाइट ठेवते आणि गिट सेटिंगनुसार त्यांतला एक परस्पर काढून टाकते, म्हणून गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये हे रूपांतर पहिल्या कमिटपूर्वीच बंद करावे. फाइलीच्या शेवटी दिसणारा कंट्रोल-झेडचा बाइट (फाइल संपल्याची डॉसची खूण) कचरा समजून पुसू नये. वाचण्यासाठी युनिकोड प्रत हवीच असेल, तर ती वेगळ्या शाखेत करावी.

प्रश्न : गिटहबवर (गिट रेपॉझिटऱ्या ठेवण्याच्या संकेतस्थळावर) चढवले की काम संपले का? (नागपूर)

उत्तर : नाही. अशी संकेतस्थळे कायम राहत नाहीत : गूगल कोड २०१६ मध्ये बंद झाले, बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअल या गिटसारख्याच सॉफ्टवेअरच्या रेपॉझिटऱ्या काढून टाकल्या. फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह नेमका यासाठीच आहे. रेपॉझिटरी सार्वजनिक असेल तर ‘सेव्ह कोड नाऊ’ या सोयीत तिचा पत्ता दिला की तिची प्रत इतिहासासह तिथे जाते. शिवाय गिट बंडल करून संपूर्ण रेपॉझिटरीची एक फाइल आपल्यापाशी, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

प्रश्न : कोड मी लिहिला, पण नोकरीत असताना. तो खुला करू का? (पणजी)

उत्तर : वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या अशा कामाचा कॉपीराइट भारतीय कायद्यानुसार मालकाकडे असतो, तेव्हा कंपनीची लेखी परवानगी आल्याशिवाय खुला करू नका. कंपनी बंद झाली असली तरी तिचे हक्क कोणाकडे तरी गेलेले असू शकतात. आधी त्यांचा शोध घ्यावा.