देवदाराच्या मुळांना कापूस, पालकाला पावडर

या पंधरवड्यात बुरशीबद्दल तीन प्रश्न आले. तिन्हींत गोंधळ एकच आहे, बुरशी म्हणजे सगळी एकच असं समजण्याचा, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

पहिला प्रश्न गोराईच्या एका भाजी बागायतदार दादांचा. मनालीच्या सहलीहून त्यांनी देवदाराचं वीतभर रोप आणलं. पिशवी फाडली तर मुळांवर कापसासारखे पांढरे तंतू. बुरशी लागली म्हणून त्यांनी माती झटकली, मुळं नळाखाली चोळून धुतली, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवली आणि मग रोप लावलं. आता शेंड्याने मान टाकली आहे. ‘कोणतं औषध मारू?’

दादा, औषध नकोच. धुण्याआधीचा जो फोटो तुम्ही पाठवला, त्यात मुळ्यांची टोकं आखूड, बोथट, फुगीर दिसतात, जणू मोजे चढवलेत. तो रोग नव्हे, मायकोरायझा आहे, म्हणजे मुळाची आणि बुरशीची जोडी. देवदार, पाइन, फर, भूर्ज या थंड मुलखातल्या झाडांच्या बारीक मुळ्यांवर बुरशी असं आवरण चढवते. तिचे तंतू मुळाच्या पेशींच्या फटींतून जाळं विणतात, पण पेशीच्या आत घुसत नाहीत. बाहेरच्या बाजूला हेच तंतू मातीत दूरवर पसरतात.

थंडीत ही सोबत इतकी का लागते? आपल्याकडे आंब्याचा पाचोळा एक-दोन पावसाळ्यांत मातीत जिरतो. तिकडे देवदाराच्या सुया वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. त्यातलं नत्र असतं झाडाच्या पायाशीच, पण अडकलेलं. नुसत्या मुळाला ते सहज उचलता येत नाही. बुरशी तो थर फोडून नत्र-स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाने उन्हात केलेल्या साखरेतला साधारण १० ते २० टक्के वाटा घेते. जवळपास बटाईचाच व्यवहार.

‘मायकोरायझा’ हा शब्द १८८५ साली बर्लिनच्या आल्बर्ट फ्रांक यांनी दिला. प्रशियाच्या सरकारने त्यांना खरं तर ट्रफल या महागड्या अळंबीची लागवड कशी करावी हे शोधायला सांगितलं होतं. ती लागवड राहिली बाजूला, हाती ही गोष्ट लागली. पुढे प्वेर्तो रिकोत पाइन लावले तेव्हा रोपं खुजी, पिवळी राहायची. बाहेरून पाइनखालची माती आणून मिसळली, मग ती वाढू लागली. तुम्ही चोळून धुतलीत ती अशीच माती.

पण सगळा दोष धुण्याला देत नाही. देवदार समुद्रसपाटीपासून साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवरचं झाड. गोराईच्या दमट उन्हाळ्यात ते बुरशीसकटही टिकलं नसतं. हौस असेल तर सावलीत ठेवा, पाणी साचू देऊ नका. खताचे पैसे मात्र घालू नका.

दुसरा प्रश्न मुलुंडच्या ताईंचा. गच्चीवरच्या कुंडीतली ब्लूबेरी पिवळी पडते आहे आणि दुकानदाराने मायकोरायझा पावडर दिली. ताई, त्या पाकिटातली बुरशी, म्हणजे आपण व्हॅम म्हणतो ती मायकोरायझाची दुसरी जात, ब्लूबेरीला चालत नाही. ब्लूबेरी, अझेलिया, बुरांश या कुळाची मुळं केसासारखी बारीक असतात आणि त्यांचा जोडीदार वेगळाच असतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर आधी मातीचा सामू (पीएच) तपासा. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ लागतो, त्याच्या वर गेला की झाडाला लोह मिळत नाही. थंडीचं म्हणाल तर फळासाठी तिला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते आणि हे तास साधारण ७ अंशांखालचे मोजतात. सांताक्रूझचा नीचांकच ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चा. म्हणजे त्या रात्रीचाही एक तास हिशेबात धरता आला नसता. कमी थंडीवर येणारी जात असेल तरच फळाची आशा धरा.

तिसरा प्रश्न रेल्वेच्या पट्टीत पालक, मुळा आणि कोबी घेणाऱ्या भाऊंचा. व्हॅमची तीन पाकिटं आणली, एक पालकाला टाकलं, फरक शून्य. फरक पडणारच नव्हता. मुळा, कोबी, फ्लॉवर, मोहरी हे मोहरीचं कुळ आणि पालक, बीट ही मंडळी या बुरशीला मुळात थाराच देत नाहीत. पावडर बनावट असेलच असं नाही, पीक चुकलं. आणि मुळं उपटून पांढरे तंतू शोधू नका. व्हॅम मुळाच्या आत राहते. मुळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय दिसत नाही.

उरलेली दोन पाकिटं सावलीत ठेवा, आत जिवंत माल आहे. अंतिम मुदत बघून येत्या हंगामात वांगी-मिरचीच्या गादीवाफ्यात, बियांच्या खाली येईल अशी पेरा. वरून भुरभुरून उपयोग नाही, ती मुळाला भिडली पाहिजे. त्या वाफ्यात डीएपी हे स्फुरदाचं खत सढळ हाताने टाकू नका. स्फुरद आयतं मिळालं की रोप बुरशीला पोसत नाही. बुरशीनाशकाची आळवणीही त्याच सुमारास नको.