नाव सर्वांत शेवटी वाचावे

नौपाडा, ठाणे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

आजोबांच्या पेटीत सापडलेल्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या) छोट्या पिस्तुलाची तू पाठवलेली छायाचित्रे लक्षपूर्वक पाहिली. डाव्या बाजूला ‘एच. नॉक’ आणि उजव्या बाजूला ‘लंडन’ असे कोरलेले असल्यामुळे ते लंडनचा बंदूककार हेन्री नॉक याच्याच कारखान्यातले असणार, असे तू मनाशी पक्के केलेले दिसते. नॉकने अशी खिशातली पिस्तुले बनवली हे खरे आहे. परंतु या छंदात कोरलेले नाव हा सर्वांत दुबळा पुरावा असतो आणि तो सर्वांत शेवटी वाचायचा असतो.

त्याआधी नळी रिकामी असल्याची खात्री कर. पातळ लाकडी काडी नळीच्या तोंडातून आत सोड आणि जिथे ती थांबेल तिथे काडीवर खूण करून ते माप बाहेरून नळीला लावून पाहा. काडीचे टोक रंजकाच्या छिद्रापाशी, म्हणजे बाहेरच्या वाटीतल्या पेटवणीच्या दारूची आग जिथून आत जाते तिथे, पोचले पाहिजे. ते बरेच अलीकडे थांबत असेल, तर आत गोळी व दारू असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही जुनी झाली तरी पेट घेते. अशा वेळी पिस्तूल खाली ठेवून जाणकारालाच बोलवावे. या घडणीतल्या पुष्कळ पिस्तुलांची नळी आट्यांवर फिरवून काढता येते, कारण दारू आणि गोळी मागच्या कोठीत भरून नळी पुन्हा बसवण्याची रीत होती. नळीच्या तोंडाशी आतून खाचा दिसल्या, तर त्या किल्लीसाठी आहेत असे समज. गंजून बसलेली नळी पकडीने फिरवू नकोस. पकडीच्या दातांचे ओरखडे कधीही जात नाहीत.

आता शिक्क्यांकडे वळू. पिस्तूल उलटे धरून दिव्याचा प्रकाश तिरपा पडू दे आणि नळीचा व कोठीचा तळ भिंगातून पाहा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली. नळी दारूचा दाब सोसते का हे तपासल्यावर उठवायचे तिचे चाचणीचे शिक्के म्हणजे मुकुटाखाली ‘जी.पी.’ आणि मुकुटाखाली ‘व्ही’. ही चिन्हे फार दीर्घकाळ जवळपास तशीच राहिल्यामुळे त्यांवरून साल ठरत नाही, परंतु चाचणी कुठे झाली ते कळते. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 च्या कायद्याने स्थापन झाले आणि तिथल्या शिक्क्यांत मुकुट, एकमेकांना छेदणारे राजदंड व ‘बी.पी.सी.’ ही अक्षरे येतात. बेल्जियममधील लिएज शहराचा शिक्का म्हणजे लंबगोलातील ‘ई.एल.जी.’, त्यावरचा मुकुट 1893 मध्ये आला, म्हणून मुकुटाविना असलेला शिक्का त्याच्या आधीचा.

यांचा तुझ्या पिस्तुलाशी संबंध असा की हेन्री नॉक 1804 मध्ये वारला. तळाशी ‘बी.पी.सी.’ निघाले, तर ते पिस्तूल त्याच्या मृत्यूनंतर निदान नऊ वर्षांनी तपासले गेले, मग बाजूला नाव कितीही सुबक कोरलेले असो. त्या काळी ‘लंडन’ या शब्दाला चांगला भाव मिळत असे, म्हणून बर्मिंगहॅम आणि लिएज इथले कारागीर तो सर्रास कोरत. उलटपक्षी, लंडनचे नामांकित दुकानदारही कच्चे सुटे भाग बर्मिंगहॅमहून मागवीत. त्यामुळे नाव अस्सल असले तरी ते बहुधा विकणाऱ्याचे असते; घडवणारे हात कोणाचे, हे नावावरून सांगता येत नाही. नॉकचा व्यवसाय पुढे जेम्स विल्किन्सनने चालवला, आणि तलवारी व दाढीच्या पात्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेले विल्किन्सन हे नाव तिथूनच आलेले आहे. नावासोबत पत्ता कोरलेला असेल तर मात्र काम सोपे होते, कारण दुकाने जागा बदलत आणि त्या त्या काळच्या व्यापारी सूचींत त्यांची नोंद सापडते, लंडनचा बंदूककार एच. डब्ल्यू. मॉर्टिमर याच्या शस्त्रांवर ‘89 फ्लीट स्ट्रीट’ असे आढळते ते याच अर्थाने मोलाचे आहे.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. एकोणिसाव्या शतकात टोपीच्या बारावर (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर) चालणारी यंत्रणा रूढ झाल्यावर चकमकीची असंख्य पिस्तुले बदलून घेतली गेली, आणि आता जास्त किंमत यावी म्हणून काही विक्रेते ती पुन्हा चकमकीची करतात. घोडा आणि रंजकाची वाटी यांच्या लोखंडाचा रंग कोठीच्या रंगाशी जुळतो का, आणि कोरीव नक्षीची रेघ वाटीपाशी अचानक तुटते का, हे तपासावे.

ठाण्यात खाडीची दमट हवा पावसाळ्यात लोखंडाला फार लवकर खाते, तरीही ब्रासो किंवा पॉलिश कागद लावण्याचा मोह टाळ. वरचा तपकिरी थर गेला की शिक्केही पुसट होतात. मऊ सुती कापडाने अगदी पातळ तेलाचा हात पुरेसा आहे. चामड्याच्या म्यानात मात्र ते ठेवू नकोस, कारण चामडे ओलावा धरून ठेवते.

कायद्याबाबत मी अतिशय आग्रही आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मधली सूट अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही चालवता येत नाही. केवळ ते पुरातन आहे एवढे पुरत नाही. म्हणून ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयात रीतसर अर्ज करून लेखी उत्तर घे, आणि ते हाती येईपर्यंत खरेदी-विक्रीची बोलणी कोणाशीही करू नकोस. सूट मिळावी म्हणून स्वतःच नळीला भोक पाडण्याचा उद्योग कृपा करून करू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येत असल्यामुळे ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात असू दे.

तळाची, नळीच्या तोंडाची आणि रंजकाच्या वाटीची तिरप्या उजेडातली छायाचित्रे आणि काडीचे माप पाठव. त्यानंतर नॉकबद्दल बोलू.