वाचकांचे प्रश्न : दोन पायऱ्या, चाळीस सहकारी

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या सहा महाविद्यालयांतले दिव्यांग प्राध्यापक, लिपिक, परिचर असे चाळीसेक जण एक दिवस एकत्र बसणार आहोत. सभागृह तळमजल्यावरच आहे, फक्त दारात दोन पायऱ्या. मंडपवाला म्हणतो, फळ्या टाकून देतो. चालेल का? आणखी काय बघून ठेवावं?
– एक सहायक प्राध्यापक, सोलापूर जिल्हा

उत्तर : फळ्या नकोत. रॅम्पची लांबी उंचीच्या बारापट लागते. पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर दोन पायऱ्यांचे ३०, म्हणजे रॅम्प ३६० सेंटिमीटर, जवळजवळ १२ फूट. मंडपवाल्याची फळी असते सहा फुटांची. तिच्यावर चढताना चाकाची खुर्ची मागे कलते आणि उतरताना पुढची छोटी चाकं टोकाला अडून माणूस पुढे फेकला जातो. रुंदी १२० सेंटिमीटर ठेवा, दोन्ही कडांना पट्टी ठोका आणि प्लायवूडखाली दर दोन फुटांवर आडवा टेकू द्या, नाहीतर मधोमध झोका घेतं. सनमायका लावलेला गुळगुळीत भाग वर नको. वरून लाल गालिचा तर अजिबात नको. कुबडीचं टोक त्यात अडकतं. रॅम्प जिथे संपतो तिथे दीड मीटर सपाट जागा हवी. दार बाहेर उघडत असेल तर ते आधीच उघडून बांधून ठेवा.

‘चौघं मिळून उचलू की’ असं कोणी म्हणेल. बॅटरीवरची खुर्ची माणसासकट शंभर किलोच्या सहज पुढे जाते. शिवाय प्राध्यापकाला सहकाऱ्यांसमोर गाठोड्यासारखं उचलणं हे आदरातिथ्य नव्हे. एवढी जागाच नसेल तर बाजूचं दार बघा किंवा सभागृह बदला.

स्वच्छतागृह आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. दार उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा टेपने मोजा, चौकट नव्हे. ९० सेंटिमीटर हवी. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी असतं, पण आत झाडू, फिनेल आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या शिपायाकडे.

व्यासपीठ वापरूच नका, सगळे एकाच पातळीवर बसा. चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगवेगळ्या रांगांत जागा रिकाम्या ठेवा. शेवटच्या रांगेत त्यांचा तांडा करू नका. जेवण बुफे नको. एका हातात ताट, काखेत कुबडी, मग वरण घ्यायचं कुठल्या हाताने? टेबलावर वाढा. अंध सहकाऱ्याला घड्याळाप्रमाणे सांगा : बाराला भाजी, तीनला कोशिंबीर, सहाला भात.

प्रश्न : दिव्यांग सहकाऱ्यांच्या अशाच मेळाव्याचं निमंत्रण सर्वांपर्यंत कसं पोचवायचं? कार्यालयाकडे दिव्यांगत्व प्रमाणपत्रधारकांची यादी आहे.
– कार्यालयीन अधीक्षक, अमरावती

उत्तर : त्या यादीवर विसंबू नका. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत; सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार, पार्किन्सनसुद्धा. तुमच्या विदर्भात सिकलसेल असलेले कर्मचारी निश्चित असतील आणि त्यांतल्या अनेकांनी ते कार्यालयात सांगितलेलं नसेल. म्हणून निमंत्रण सरसकट सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठवा, प्रमाणपत्र मागू नका, आणि ‘तुम्हाला कोणती सोय लागेल?’ एवढंच विचारा. आजार विचारू नका. व्हॉट्सॲप गट काढलात तर प्रत्येकाचं नाव आणि नंबर सगळ्यांना दिसतो, तेव्हा आधी विचारा.

निमंत्रणाचं नुसतं रंगीत चित्र पाठवलंत तर अंध शिक्षकाचा स्क्रीन रीडर गप्प बसतो. सही-शिक्क्याच्या स्कॅन केलेल्या परिपत्रकाचीही तीच गत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर तो निरर्थक इंग्रजी अक्षरांत वाचतो. युनिकोड मराठीत साधा संदेश लिहा, चित्र हवं तर सोबत जोडा.

प्रश्न : प्राचार्य म्हणतात, मेळाव्यासाठी किरकोळ रजा टाका. कर्तव्य रजा मिळणार नाही का?

उत्तर : नावापासून सुरुवात करा. ‘स्नेहमेळावा’ म्हटलं की सहल वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत शिक्षकांना परिषद-चर्चासत्रांसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची तरतूद आहे, पण ती हक्काने उचलायची नसते, आधी मंजूर करून घ्यावी लागते. यजमान महाविद्यालयाचं पत्र, विषयपत्रिकेसह, पंधरा दिवस आधी पोचवा. विषयपत्रिकेत खरंच कामाची सत्रं हवीत. शाल-श्रीफळ आणि प्रेरणादायी भाषण एवढंच असेल तर प्राचार्यांचंही चूक म्हणवत नाही.

शिक्षकेतरांना ती नियमावली लागू नाही, त्यांच्यासाठी कार्यालयीन आदेश मागा. आणि सीएचबीवाल्यांना (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना) विसरू नका : तास बुडाला की त्यांचं मानधन बुडतं. तारीख त्यांचं वेळापत्रक बघून ठरवा.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात कर्णबधिर सहकारी आहेत. मेळाव्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवावा की बोलणं ऐकून मोबाइलवर उमटणारी अक्षरं पुरतील?

उत्तर : त्यांनाच विचारा. मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्या माणसाला बऱ्याचदा सांकेतिक भाषा येत नाही, त्याला मराठी अक्षरंच हवीत. दुभाषी लागत असेल तर दोघं बोलवा. वीसेक मिनिटांनी अदलाबदल केली नाही तर हात आणि डोकं दोन्ही थकतात आणि अर्थ गळायला लागतो. ‘कॅस’ (शिक्षकांची पदोन्नती योजना), ‘नॅक’ (महाविद्यालयांचं मूल्यांकन), ‘बिंदुनामावली’ (पदांच्या आरक्षणाची नोंद) असे शब्द दुभाषींना आधी कळवा. पडद्यावर काही दाखवताना दिवे घालवले की दुभाषीच दिसेनासा होतो, ही नेहमीची चूक. मोबाइल वापरायचा तर बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ, पंख्याखाली नको.

प्रश्न : मेळाव्यातून ठोस काय मागावं?

उत्तर : दोन कागद. एक, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे संस्थेचं समान संधी धोरण. दोन, कलम २३ प्रमाणे नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव. हे दुसरं कलम शासकीय आस्थापनांना आहे, पण व्याख्येत शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्था येतात, त्यामुळे अनुदानित महाविद्यालयाला ‘आम्ही खाजगी’ म्हणता येत नाही. तक्रारीची नोंदवही ठेवणं आणि दोन आठवड्यांत चौकशी करणं बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर पुढे जिल्हास्तरीय समिती. तोंडी सांगून काही होत नाही. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.