टायटॅनिकला आधी कुणी सांगितलंच नव्हतं का?

प्रश्न: पुढे बर्फ आहे हे टायटॅनिकवाल्यांना खरंच माहीत नव्हतं का हो?

उत्तर: माहीत होतं, चांगलंच! १४ एप्रिल १९१२ ला दिवसभर वायरलेसवर इशारे येत होते तरी स्पीड २२ नॉटच्या (तासाला साधारण ४० किमी) आसपासच ठेवला, हवा स्वच्छ असली की तेव्हा सगळेच असं करायचे. रात्री मेसाबा जहाजाचा मेसेज आला, नेमका त्याच भागातल्या बर्फाचा, तो ब्रिजपर्यंत, म्हणजे जिथून अधिकारी जहाज चालवतात तिथे, पोचलाच नाही. नंतर बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने कळवायला घेतलं तर टायटॅनिकचा वायरलेस ऑपरेटर फिलिप्स प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गुंतलेला, त्याने कॅलिफोर्नियनच्या ऑपरेटरलाच गप्प केलं, तो वायरलेस सेट बंद करून झोपला आणि ११:४० ला हिमनगाला धडक. सगळ्यात चीड येते ती लाइफबोटींची, पहिली बोट ६५ जणांची आणि सोडली तेव्हा आत ३० पण माणसं नव्हती!