त्याच खोलीतली जनावरं

प्रिय,

तुझी पटकथा वाचली. कत्तलखान्यातला प्रसंग अंगावर येतो. पळणाऱ्या मुलीचा श्वास आपल्याला ऐकू येतो आणि ती सुटावी असं मनापासून वाटतं. एरवी जिच्याकडे पाठ फिरवली असती त्या वेदनेसमोर भयपट आपल्याला बसवून ठेवतो, म्हणून मला हा प्रकार मोलाचा वाटतो. पण त्याच खोलीत आकड्यांना जनावरंही टांगलेली आहेत, आणि ती तू फक्त वातावरणासाठी ठेवली आहेस. माझा आक्षेप तिथे आहे.

१९८० साली रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ आला. त्यातले खून इतके खरे वाटले, की कलाकार जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं. माणसांचं मरण बनावट होतं. कासव, माकडं, डुक्कर मात्र कॅमेऱ्यासमोर खरोखर मारली गेली. त्यांचं खरं मरण बघितल्यावर प्रेक्षकाला माणसांचं खोटं मरणही खरं वाटू लागतं. एका जिवाचा असा वापर मला कोणत्याही कथेसाठी मान्य नाही.

आता जॉर्ज फ्रांजू हा फ्रेंच दिग्दर्शक बघ. १९४९ मध्ये त्याने पॅरिसच्या कत्तलखान्यांवर माहितीपट केला होता. पुढे १९६० च्या ‘आइज विदाउट अ फेस’मध्ये त्याचा डॉक्टर तरुणींचे चेहरे कापतो आणि प्रयोगांसाठी कुत्रेही कोंडून ठेवतो. शेवटी डॉक्टरची मुलगी कैदेतल्या तरुणीला सोडवते, आणि कुत्र्यांचे पिंजरेही उघडते. छळ दोघांचाही झाला आहे, हे तिला कळतं.

टॉम रेगन या तत्त्वज्ञाने १९८३ मध्ये मांडलं, की प्राण्याचं आयुष्य त्याचं स्वतःचं असतं. ते बरं जातं की वाईट, याने त्याला फरक पडतो, मग इतरांना त्याचा उपयोग असो वा नसो. तुझ्या पटकथेतला कुत्रा पहिल्याच रात्री मरतो, धोका जवळ आला हे सांगण्यापुरता. पुढे कुणी त्याची आठवणही काढत नाही. ज्या मुलीच्या पायाशी तो झोपायचा, तिनेही नाही? हे मला पटत नाही. तिला थांबू दे, त्याच्याजवळ बसू दे. पाठलाग थोडा उशिरा सुरू झाला तरी चालेल.

आणि चित्रीकरणात कुत्रा घाबरलेला दिसावा म्हणून त्याला घाबरवू नकोस. तो अभिनय करत नसतो, खरंच घाबरतो. मुलीचा चेहरा दाखव, दाराबाहेरचा आवाज वापर, तेवढ्यावर प्रसंग उभा राहील. नाहीच राहिला, तर तो प्रसंग काढून टाक.

तुझाच,
एक जुना वाचक